कॅमेरा कुणाच्या बाजूला बसतो?

चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर माणसं बोलतात ती गोष्टीबद्दल. शेवट पटला का, उत्तरार्ध लांबला का, अमुकने काम कसं केलं. परीक्षणांचा साचाही बराचसा हाच असतो. निम्मी जागा कथेला, मग अभिनय, मग संगीत, आणि छायाचित्रणाच्या वाट्याला 'नेत्रसुखद' हे एक विशेषण. मला वाटतं, चित्रपटाचं स्वतःचं मत दडलेलं असतं ते नेमकं या एका विशेषणात उरकलेल्या भागात. संवाद काहीही म्हणोत. समोरच्या माणसाकडे कॅमेरा किती उंचीवरून पाहतो, किती लांब थांबतो, किती वेळ थांबतो आणि नजर केव्हा काढून घेतो, यावरून त्या माणसाबद्दल दिग्दर्शकाला काय वाटतं ते कळतं. गेल्या दोन-तीन वर्षांतले काही चित्रपट आणि एक गाजलेली मालिका या अंगाने पाहिली, की त्यांच्या गुणदोषांचा हिशेब वेगळा लागतो.

'स्थळ'पासून सुरुवात करू. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट 2023 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला 'नेटपॅक' पुरस्कार मिळाला आणि मार्च 2025 मध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. गोष्ट दोन ओळींत सांगता येते. विदर्भातल्या डोंगरगावात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता शिकते आहे, तिला आणखी शिकायचं आहे, आणि घरच्यांना तिचं लग्न उरकायचं आहे. बघायला मंडळी येतात, प्रश्न विचारतात, जातात. कापसाला भाव नाही, हुंड्याची सोय नाही, मुलगी सावळी आहे. सविताच्या भूमिकेत नंदिनी चिकटे आहे. पडद्यावरचे बहुतेक चेहरे त्याच भागातल्या, पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या माणसांचे आहेत.

चित्रपट सुरू होतो तो उलट्या प्रसंगाने. बघण्याच्या कार्यक्रमात समोर बसवलेला आहे मुलगा, आणि प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या बायका. तो अंग चोरून बसतो, विचारलं तेवढंच सांगतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो. ते सविताचं स्वप्न आहे हे नंतर कळतं. मग तोच कार्यक्रम जागांची अदलाबदल होऊन, म्हणजे आपल्या ओळखीच्या क्रमाने होतो. प्रश्न तसेच, चहापोहे तसेच, बसण्याची मांडणीही तशीच. आता मात्र कुणी हसत नाही. चित्रपटात भाषण कुणी केलेलं नाही, फक्त समोर कोण बसलं आहे तेवढं बदललं आहे. आपण मघाशी नेमकं कशाला हसलो होतो, हा प्रश्न प्रेक्षकाने स्वतःला विचारायचा.

पुढे हा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो. 'स्थळ' तेच तेच दाखवतो, अशी तक्रार ऐकू येते. एरवी ती योग्य ठरली असती, कारण एकच प्रसंग दोनदा दाखवू नये हा पटकथेचा साधा नियम आहे. इथे मात्र पुनरावृत्ती हाच चित्रपटाचा युक्तिवाद आहे. तिसऱ्या खेपेला पुढचा प्रश्न कोणता येणार हे आपल्याला पाठ झालेलं असतं, आणि आपल्याला येणारा कंटाळा हा सविताच्या थकव्याचा अगदी लहानसा अंश असतो. कॅमेरा इथे कुणाला खलनायक करत नाही. आलेली मंडळी दुष्ट नाहीत, मुलीचा बापही दुष्ट नाही, तो तर सर्वांत जास्त पिचलेला आहे. वर्गात शिकवलं जाणारं स्त्री-सक्षमीकरण आणि घरात चाललेला प्रकार यांतला विरोध मात्र जरा जास्तच सरळ रेघेने आखला आहे. तेवढ्या भागात चित्रपट आपलं म्हणणं स्वतःच समजावून सांगायला लागतो, आणि तिथे तो थोडा उणा पडतो.

आता थोडं तंत्राकडे वळू, कारण पुढचं बोलणं त्यावर उभं आहे. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असला, की आपण त्याच्याशी बरोबरीने बोलत असल्यासारखं वाटतं. खालून वर पाहिलं की माणूस भव्य दिसतो, वरून खाली पाहिलं की तो परिस्थितीत अडकल्यासारखा भासतो. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. अंतराचं गणित त्याहून महत्त्वाचं असतं. चेहरा पडदाभर दाखवला की भावना आपल्याला हातात आणून दिली जाते. तोच माणूस लांबून, त्याच्या खोलीसकट, आजूबाजूच्या माणसांसकट दाखवला, की काय पाहायचं ते आपल्याला शोधावं लागतं. तिसरी गोष्ट वेळेची. बोलणं संपताक्षणी दृश्य कापलं, तर महत्त्व बोलण्याला मिळतं. बोलणं संपल्यावरही कॅमेरा तिथेच राहिला, तर महत्त्व माणसाला मिळतं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने हे तिसरं तत्त्व मराठीत अगदी टोकापर्यंत नेलं. नारायण कांबळे या लोकशाहिरावर सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे, खटला रेंगाळतो आहे, आणि कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाम आहे. आपलं प्रकरण पुकारलं जाण्याआधी दुसरंच कुणाचं तरी प्रकरण चाललेलं असतं आणि तेही आपण ऐकत बसतो. या चौकटीत नायक आपोआप मोठा होत नाही. न्यायालयाच्या गर्दीत तो एक जण राहतो, आणि व्यवस्थेची क्रूरता म्हणजे हेच, की तिच्यासमोर प्रत्येक जण फक्त एक जण असतो. त्याच सुमारास आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त कॅमेरा बराच वेळ जब्याच्या जवळ राहतो, त्याच्या लाजेत सहभागी होतो. डुक्कर पकडण्याच्या त्या लांबलचक प्रसंगात मात्र कडेला उभी राहून हसणारी माणसं आणि आपण यांच्यातला फरक पुसट होत जातो. म्हणून शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. अजूनही त्या शेवटाला कुणी केवळ 'धक्का' म्हणतं तेव्हा वाईट वाटतं. तो दगड त्याआधीच्या सगळ्या मांडणीतून आलेला आहे.

'फँड्री'त जब्याच्या आईचं काम छाया कदम यांनी केलं होतं. दहा वर्षांनी त्या पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये दिसतात. या चित्रपटाने मे 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोहोचला होता. दोन मल्याळी परिचारिका, प्रभा आणि अनू, आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची पार्वती. पार्वतीचा नवरा गिरणी कामगार होता. खोलीचे कागद तिच्याकडे नाहीत, आणि बिल्डरला जागा हवी आहे.

मुंबईवर चित्रपट पुष्कळ झाले. त्यांतल्या बहुतेकांना मुंबई वरून पाहायला आवडते: समुद्र, पूल, टोलेजंग इमारती. कपाडिया सुरुवातीलाच बाजाराच्या गर्दीतून कॅमेरा फिरवतात आणि त्यावर वेगवेगळ्या भाषांतले आवाज ऐकवतात. शहरात कधीतरी येऊन पडलेल्या माणसांचे हे आवाज आहेत आणि त्यांचे चेहरे आपल्याला दिसत नाहीत. कपाडिया माहितीपटांकडून आल्या, आणि त्यांचा कॅमेरा चित्रपटाच्या पूर्वार्धात माहितीपटाच्याच सवयीने वागतो. लोकलमध्ये, रुग्णालयात, पावसाळी रस्त्यावर तो या बायकांच्या खांद्याला खांदा लावून असतो. एका रात्री पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. तेव्हा आपण त्यांच्या बाजूला उभे असतो. 'फँड्री'तला दगड आपल्यावर आला होता, हा आपल्या शेजारून जातो. दोन्ही दगड तितकेच खरे, पण प्रेक्षकाला उभं केलेली जागा वेगळी, आणि म्हणून दोन चित्रपट आपल्याकडे मागतात तेही वेगळं.

पार्वती मुंबई सोडून गावी परतते, दोघी तिला पोहोचवायला जातात आणि चित्रपट कोकणात येतो. इथे दिवसाचा प्रकाश आहे, मोकळं अंतर आहे, कॅमेरा निवांत होतो. या बदलाची फार स्तुती झाली. माझी एक हरकत आहे. कोकण इथे मुंबईत दमलेल्यांना श्वास घेण्याची जागा म्हणून येतं. पार्वतीला तिथे रोजचं जगायचं आहे, तिचं पोट कशावर चालणार, गावात तिला कोण काय म्हणणार, याकडे चित्रपट जेमतेम वळतो. छाया कदम यांनी ही बाई इतक्या खात्रीने उभी केली आहे, की तिचं कोकण पाहायला मिळालं नाही ही चुटपुट लागून राहते. त्या वर्षी ऑस्करला भारताने हा चित्रपट न पाठवता 'लापता लेडीज' पाठवला, यावर बराच वाद झाला. 'लापता लेडीज'मध्येही छाया कदम आहेत, फलाटावर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई म्हणून. त्या वादात या दोन चित्रपटांच्या नजरेबद्दल कुणी फारसं बोललं नाही, सगळी चर्चा पुरस्काराच्या संधीची झाली.

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक घेतलं आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी जातो. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात. बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो, आणि दोघांमधलं प्रेम हळूहळू उलगडतं. भूषण मनोज, सुराज सुमन आणि आईच्या भूमिकेत जयश्री जगताप या तिघांचं काम असं, की त्यांच्या गप्प राहण्याचाही अर्थ लागत जातो.

समलिंगी प्रेमाच्या चित्रपटांत प्रेक्षकाला नेहमी एका ठरावीक जागी बसवलं जातं. आता रहस्य फुटणार, आता मारझोड होणार, अशा धास्तीच्या जागी. कानवडे ही धास्ती चालवायचं नाकारतात. आई-वडिलांना मुलाबद्दल ठाऊक आहे. विकास अर्स यांचा कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर असतो. घरात तो जमिनीवर बसलेल्या माणसांच्या संगतीत असतो, रानात झाडाखाली पडलेल्या दोघांच्या संगतीत. जपानच्या यासुजिरो ओझू यांनी चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेहूनही खाली कॅमेरा ठेवून 'टोकियो स्टोरी'सारखे चित्रपट केले, आणि ती उंची जगभरात अभ्यासाचा विषय झाली. आपल्याकडे सुतकात अख्खं घर जमिनीवर बसलेलं असतं. तिथे उभ्याने चित्रीकरण करणं म्हणजे पाहुण्यासारखं दारात उभं राहणं. 'साबर बोंडं'चा कॅमेरा घरचा आहे. त्यामुळे सुतकाचे नियम परक्याला नवल म्हणून दाखवल्यासारखे होत नाहीत. ते नियम जाचकही वाटतात, आणि त्याच दहा दिवसांनी आनंदला दुःख करायला आणि प्रेम करायला सवड दिली हेही दिसतं. मला गेल्या काही वर्षांतल्या मराठी चित्रपटांत हा सर्वांत पुढचा वाटतो.

याच्या अगदी उलट टोकाला 'छावा'. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला, लक्ष्मण उतेकर यांचा संभाजीराजांवरचा हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी 2025 मध्ये आला आणि महाराष्ट्रात त्याने गर्दीचे दिवस परत आणले. त्याआधी, जाहिरातीतल्या लेझीम खेळण्याच्या दृश्यावर आक्षेप घेतला गेला आणि ते दृश्य वगळण्यात आलं. विकी कौशल यांनी जीव ओतून काम केलं आहे, यात शंका नाही. पण कॅमेरा जवळपास सतत राजांच्या पायाशी आहे, खालून वर पाहणारा, आणि गती मंदावलेली. अशाने आदर व्यक्त होतो हे खरं. त्याचबरोबर माणूस पुतळा होतो हेही तितकंच खरं. पुतळ्याला विचार करताना पाहता येत नाही. संभाजीराजांच्या नावावर 'बुधभूषणम्' हा संस्कृत ग्रंथ आहे. अनेक आघाड्यांवर एकाच वेळी लढताना त्यांना रोज किती निर्णय घ्यावे लागले असतील. त्या बुद्धिमान, अस्वस्थ राजाला पडद्यावर फारच थोडी जागा मिळते. उलट शेवटच्या छळाच्या प्रसंगात कॅमेरा जखमांच्या इतका जवळ आणि इतका वेळ राहतो, की आपल्यासमोर राजा कमी आणि वेदना जास्त उरते. लेझीम खेळणारे राजे चालतील की नाही यावर आपण आठवडाभर भांडलो. राजांना नऊ वर्षांच्या कारभाराचं माणूसपण दिलं का, यावरही तितकंच भांडायला हवं होतं.

मालिकांमध्ये मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'अडोलेसन्स'ने या विषयाला नवं वळण दिलं. इंग्लंडमधल्या एका गावात पहाटे पोलीस दार फोडून घरात शिरतात आणि तेरा वर्षांच्या जेमीला वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली उचलतात. चार भाग, आणि प्रत्येक भाग एकाही कापाशिवाय, एका सलग चित्रणात. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांचं लेखन, फिलिप बॅरंटिनी यांचं दिग्दर्शन. जेमी झालेला ओवेन कूपर हा मुलगा आधी कधीच पडद्यावर आला नव्हता. त्या कामासाठी त्याला एमी मिळालं.

हे केलं कसं, ते कळलं की मालिका आणखी आवडते. प्रत्येक भागासाठी साधारण तीन आठवडे. आधी नटांच्या तालमी, मग कॅमेऱ्याच्या वाटेची तालीम, मग चित्रीकरणाचा आठवडा, ज्यात दिवसाला दोनदा अख्खा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचा. पहिल्या भागाची दुसरीच खेप वापरली गेली, चौथ्याची सोळावी. हलका कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, गाडीवर चढतो, खिडकीतून बाहेर पडतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो ड्रोनला जोडला जाऊन शाळेवरून उडत खुनाच्या जागेपर्यंत जातो आणि तिथे फुलं ठेवायला आलेल्या जेमीच्या बापाच्या चेहऱ्यावर उतरतो.

इतकं कसब निव्वळ कसब म्हणून राहिलं असतं, तर चार दिवसांत विसरलं गेलं असतं. तिसऱ्या भागात ते सार्थकी लागतं. एक खोली, जेमी, आणि त्याची मानसशास्त्रीय तपासणी करायला आलेली ब्रायनी. एरवी असा प्रसंग ह्याचा चेहरा, तिचा चेहरा असा कापत कापत दाखवतात. काप म्हणजे प्रेक्षकाला दिलेली उसंत असते. इथे ती उसंत नाही. मुलगा लाडात येतो, उसळतो, टेबलावर ओरडतो, पुन्हा लहान होतो, आणि आपण त्या बाईइतकेच खोलीत अडकलेले असतो. ब्रायनी झालेल्या एरिन डोहर्टी यांनी भीती आणि व्यावसायिक संयम यांचा एकाच चेहऱ्यावर धरलेला तोल तासभर सलग पाहता येतो, तो केवळ काप नाही म्हणून.

पण कॅमेरा एका जागी राहिला, की दुसऱ्या जागी तो नसतो. 'अडोलेसन्स'मधली मेलेली मुलगी केटी हिच्या घराचं दार एकदाही उघडत नाही. मालिकेला याची जाणीव आहे. सगळे जेमीलाच लक्षात ठेवतील, तिला नाही, अशी खंत तपास करणारी पोलीस अधिकारीच बोलून दाखवते. जाणीव असणं आणि उपाय करणं यांत अंतर आहे. मुलगे असे का होतात, हा मालिकेचा प्रश्न निकडीचा आहे आणि तो तिने प्रामाणिकपणे विचारला आहे. तरी चार तासांनंतर आपल्याला बापाच्या अपराधी भावनेची बारीकसारीक ओळख असते आणि केटीबद्दल जवळजवळ काहीच ठाऊक नसतं, ही बाब मला फार खटकते.

स्थिर कॅमेरा चांगला आणि हलता वाईट, किंवा दुरून पाहणं थोर आणि जवळून पाहणं उथळ, असं यातून कुणी काढू नये. महोत्सवांच्या चित्रपटांत दूरची, निश्चल चौकट ही आता सवयीची झाली आहे, आणि काही ठिकाणी ती पात्रांपासून सुरक्षित अंतर राखण्याची सोयही असते. अविनाश अरुण यांचा 2023 चा 'थ्री ऑफ अस' यासाठी पाहण्यासारखा आहे. स्मृती हरवत चाललेली शैलजा वेंगुर्ल्याला बालपण शोधायला जाते. शेफाली शाह यांच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा पुष्कळ वेळ जातो, आणि जायलाच हवा. कारण तिला नेमकं काय आठवलं आणि काय निसटलं, ते फक्त तिथेच दिसू शकतं.

जवळ जाण्याची ही ताकद रोज सर्वांत जास्त वापरली जाते ती आपल्या दैनंदिन मराठी मालिकांत. सासूने एक वाक्य टाकलं, की खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा पडदाभर येतो, सोबत संगीताचा दणका. त्यामागे कारणं आहेत. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, म्हणजे दिवसाकाठी जवळजवळ एक भाग हातावेगळा करायचा. लांबची चौकट रचायला, प्रकाश करायला, तालीम करायला वेळ लागतो, चेहरा पटकन होतो. शिवाय घरातलं माणूस पोळ्या लाटताना, भाजी निवडताना मालिका ऐकत असतं, म्हणून आवाजाने हाक मारावी लागते. ही अडचण समजून घेतली, तरी तिचा परिणाम उरतो. सगळ्यांना सारखाच मोठा चेहरा मिळाला, की कुणाचंच दुःख मोठं राहत नाही. स्वयंपाकघर, माजघर, अंगण यांचा नकाशा प्रेक्षकाच्या मनात कधी तयार होत नाही. ज्या बाईचं आयुष्य त्या घरात चाललं आहे असं मालिका सांगते, तिला त्या घरात काम करताना आपण क्वचितच पाहतो.

वर्तमानपत्रांत चित्रपटांची परीक्षणं दर आठवड्याला येतात. मालिकांवर येतात त्या मुलाखती, टीआरपीच्या बातम्या आणि पुढच्या भागात काय होणार याचे अंदाज. लाखो घरांत संध्याकाळी सातपासून लागणाऱ्या या कामाकडे दिग्दर्शन, चौकट, ध्वनी आणि अभिनय म्हणून पाहणारं नियमित, सविस्तर, नाव घालून लिहिलेलं परीक्षण मराठीत सुरू व्हायला हवं. एखाद्या संपादकाने मालिकांसाठी दर पंधरवड्याला एक स्तंभ राखून ठेवला, तरी सुरुवात होईल.